भोपाळला जायच्या आधीचे 16 दिवस

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी एक मुलगी आणि तिचे वडील माझ्याकडे डोळे तपासायला आले, फलटणहून पहाटेची एसटी पकडून. एनडीएची, म्हणजे बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायची, लेखी पास, भोपाळच्या एसएसबीचं (सैन्याच्या निवड-मुलाखतीचं) बोलावणं आलेलं, रिपोर्टिंगला बरोब्बर 16 दिवस. वडील म्हणाले, "मॅडम, फक्त नंबर बघून द्या, मेडिकलला बसतो का तेवढं सांगा."

चष्मा कुठंय विचारलं तर पोरगी म्हणाली कॉन्टॅक्ट लेन्स आहे. लेन्स काढायला लावली, मशिनवर घेतलं, मग ट्रायल फ्रेम लावून तपासलं, उजव्या डोळ्याला मायनस पावणेतीन. आर्मीला एनडीएसाठी मायनस अडीचची मर्यादा आहे आणि चष्म्यासकट दोन्ही डोळ्यांना 6/6, म्हणजे तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ, दिसायला लागतं. हिला कुठलीही काच लावा, त्याच्या वरच्या 6/9 च्या ओळीखाली सरकेना. शेवटच्या ओळीवर अडखळायची, डोळे बारीक करायची, परत पहिल्यापासून वाचायची.

वडिलांनी काहीच विचारलं नाही, नुसती टोपी काढून मांडीवर ठेवली.

मला शंका आली म्हणून स्लिट लॅम्पवर, डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, घेतलं. बुबुळाच्या कडेने लाल केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आत शिरायला लागलेल्या. म्हटलं खरं सांग, झोपताना काढतेस का? तर नाही. महिन्याची लेन्स, चार महिने वापरतेय, रात्री अभ्यास करता करता तशीच झोपते. अगं कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, रक्तपुरवठा नसतो, तो मुख्यतः हवेतून ऑक्सिजन घेतो, पापणी मिटली की आधीच कमी मिळतो आणि वर तू लेन्सचं झाकण ठेवतेस, मग तो सुजणार, त्याचा आकार बिघडणार आणि नंबर वाढलेला दिसणार. म्हणजे हा पावणेतीन हिचा खरा नंबर असेलच असं नाही!

वडिलांनी विचारलं लेसिक, ते लेझरचं नंबर घालवायचं ऑपरेशन, करून टाकू का. नाही काका, एनडीएला ते चालत नाही. लेन्स आजपासून बंद, एवढंच करायचं.

त्यावर ती म्हणाली, "पण क्लासमधले म्हणतात एसएसबीला लेन्स लावून जायचं, ग्राउंडवर चष्मा पडतो, मेडिकलच्या आधी काढायची." हेच ऐकून माझ्या पोटात गोळा येतो, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्याकडचाच एक मुलगा असाच गेला. एसएसबी पाच दिवस चालते, शेवटच्या दिवशी निकाल लागतो आणि जे रेकमेंड होतात त्यांना मेडिकलसाठी तिथंच थांबवून घेतात, मध्ये घरी जायला, डोळ्याला आराम द्यायला वेळच नसतो. त्याने आदल्या रात्री लेन्स काढली आणि सकाळी डोळे तपासायला उभा राहिला, अनफिट. पुढे अपील मेडिकलसाठी, म्हणजे फेरतपासणीसाठी, धावपळ. तेव्हा मी त्याला मेडिकलची तारीख विचारली होती, एसएसबीची नाही, हे मला अजून लागतं. लेन्स बंद ठेवायचे दिवस मोजायचे ते एसएसबीच्या पहिल्या दिवसापासून मागे. साध्या सॉफ्ट लेन्सला मी दोन आठवडे सांगते, सेमीसॉफ्ट म्हणजे कडक लेन्स असेल तर तीन आठवडे तरी, आणि तरीही नंबर दोनदा तपासून स्थिर झालाय का बघते.

हिला जुन्या चष्म्यावर घरी पाठवलं, कॉर्नियाच्या डॉक्टरांना दाखवून घ्यायची चिठ्ठी दिली. आठव्या दिवशी अडीच. चौदाव्या दिवशी सव्वादोन, आणि ती शेवटची ओळ एका दमात वाचली, उजव्या डोळ्याने मग डाव्या. मी मुद्दाम दुसरा चार्ट लावला, पाठ झाला असेल म्हणून. तोही वाचला. वडील दारापाशी उभे होते, आत यायला तयारच नव्हते, तिथूनच विचारलं, "झालं का?"

त्याच संध्याकाळी नवीन नंबरचे दोन चष्मे बसवून दिले, एक जास्तीचा, आणि ग्राउंडसाठी मागून बांधायची इलॅस्टिकची पट्टी. दुसऱ्या दिवशी गाडीतून तिने फोटो पाठवला, चष्मा नाकावर, पट्टी आत्ताच बांधलेली.