आमची वाटचाल : गोगलगायी जगवण्याचा व्यवसाय

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, संशोधक आणि हौसेने गोगलगायी पाळणारी मंडळी यांना आम्ही जमिनीवरच्या गोगलगायी वाढवून देतो. व्यवसाय छोटा आहे, माणसं मोजकी आहेत. लोक विचारतात, की एवढ्या संथ प्राण्याचं करायचं तरी काय असतं? कोवळा पाला, ओलसर माती आणि शंखासाठी चुनखडी किंवा समुद्रफेस एवढं दिलं की ती वाढते, हे खरं. पण आमचा निम्माअधिक वेळ तिला खाणाऱ्यांपासून वाचवण्यातच जातो. आमच्या पेट्या आज जशा दिसतात, तशा त्या या शत्रूंमुळेच घडल्या.

सुरुवातीला उघडे वाफे होते. तिथे रोज सकाळी रिकामे शंख वाचायची सवय लागली, आणि आजही नव्या माणसाला आम्ही पहिलं हेच शिकवतो. शंखाची कड कुरतडलेली असेल आणि असे बरेच शंख एका कोपऱ्यात साठलेले असतील, तर ते उंदराचं किंवा घुशीचं काम. एखाद्या दगडाभोवती ठिकऱ्या पडल्या असतील, तर पक्षी. कस्तुर कुळातले काही पक्षी शंख चोचीत धरून दगडावर आपटतात आणि पुन्हा पुन्हा त्याच दगडाकडे येतात. शंख अगदी धड, पण आतून स्वच्छ असेल, तर किड्याचा संशय घ्यायचा. काही भुंगेऱ्यांचं डोकं निमुळतं असतं, ते थेट शंखाच्या तोंडातून आत घालतात. काजव्याची अळी त्याहून चिवट. ती चिकट माग काढत गोगलगायीपर्यंत पोचते, मऊ अंगाला चावे घेत विष सोडते आणि मांस पातळ करून पिते. गोगलगाय फेस काढून प्रतिकार करते, पण दर वेळी तो पुरा पडत नाही.

उंदीर-पक्ष्यांवर जाळी आणि घट्ट झाकण हा उपाय आहे. काही माश्यांच्या अळ्याही गोगलगायींवरच जगतात, म्हणून जाळी बारीक घेतली. ती तांब्याची मात्र नाही, कारण तांबं गोगलगायीला सोसत नाही. मुंग्या अंड्यांच्या पुंजक्यांना लागतात, त्यासाठी पेट्यांचे पाय पाण्यात ठेवतो.

खरी झुंज डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्यांशी आहे. गोगलगाय अंग बाहेर काढून चालत असताना शंखाच्या कडेजवळचं श्वासाचं भोक भिंगातून पाहा. तिथे पांढरे ठिपके पळताना दिसले, तर ती कोळीकीड आहे. ती फुप्फुसाच्या पोकळीत राहते आणि गोगलगायीचं रक्त पिते. जनावर लगेच मरत नाही. खाणं मंदावतं, वाढ खुंटते, अंडी कमी होतात. दाटीवाटी झाली की एकीवरून दुसरीवर जायला कीडीला वेळ लागत नाही. शिवाय गर्दीत साठणारा चिकट स्रावही वाढ रोखतो. म्हणून एका पेटीत मावतील त्याहून खूप कमी गोगलगायी आम्ही ठेवतो, माती वेळेवर बदलतो आणि नवीन आलेल्या वेगळ्या ठेवतो. जागा जास्त लागते आणि खर्च वाढतो, पण या बाबतीत तडजोड नाही. पाला कुठून येतो हेही तितकंच कसून पाहतो. गोगलगाईनाशकातल्या मेटाल्डिहाइडने ती इतका स्राव सोडते, की अंगातलं पाणी संपूनच मरते.

या कामात राहून एक गोष्ट पक्की पटली आहे. ज्या शत्रूंबरोबर गोगलगायीच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्यांच्यावर तिच्याकडे काही ना काही उत्तर असतं. कोरड पडली तर ती शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करून महिनोन्‌महिने पडून राहते. पूर्व आशियात गोगलगायी खाणारे साप आहेत. बहुतेक शंख उजवे, म्हणजे उजवीकडे वेटोळं घेणारे, असल्याने या सापांच्या जबड्यात उजवीकडे दात जास्त असतात. जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की डाव्या शंखाच्या गोगलगायी याच सापांच्या तावडीतून जास्त सुटतात. मला तर हे निव्वळ अद्भुत वाटतं.

उत्तर नसतं ते माणसाने आणून सोडलेल्या शत्रूवर. आफ्रिकी महाकाय गोगलगायीचा बंदोबस्त करायला म्हणून १९५५ मध्ये हवाईत आणि १९७७ मध्ये पॅसिफिकमधल्या मोरेया बेटावर दुसऱ्या गोगलगायींना खाणारी ‘युग्लँडिना’ ही गोगलगाय सोडण्यात आली. महाकाय गोगलगाय हटली नाही. मोरेयावरच्या ‘पार्टुला’ या स्थानिक गोगलगायी मात्र दहाएक वर्षांत रानातून नाहीशा झाल्या. काही जाती वेळीच गोळा करून प्राणिसंग्रहालयांत वाढवल्या म्हणून उरल्या, आणि २०१५ पासून त्या पुन्हा बेटांवर सोडल्या जात आहेत. हवाईतल्या एका जातीचा ‘जॉर्ज’ नावाचा शेवटचा जीव १ जानेवारी २०१९ रोजी बंदिवासातच मेला.

बागेतल्या गोगलगायी खाणारं काहीतरी पाठवा, अशी मागणी आमच्याकडे सारखी येते. चांगला पैसा मिळेल असं काम आहे, तरी आम्ही ते घेत नाही. संध्याकाळी हाताने वेचा, पालापाचोळ्याचे ढीग हलवा, आणि तिथल्या बेडकांना, पक्ष्यांना, भुंगेऱ्यांना राहू द्या, हे समजावून सांगतो. आमच्या गोगलगायी बाहेर सोडायच्या नाहीत, ही अट प्रत्येक पेटीबरोबर लेखी जाते. प्रयोग संपला किंवा हौस फिटली, तर त्या परत पाठवा. आणण्याचा खर्च आम्ही करतो. परत आलेल्या मुख्य पेट्यांत मिसळत नाही, त्या वेगळ्याच ठेवतो आणि आयुष्यभर सांभाळतो. सध्या त्यांच्यासाठी स्वतंत्र खोलीचं काम सुरू आहे.