ओर्सेतला बर्फ आणि आईची नीळ

पॅरिसच्या चौथ्या दिवशी आईचे गुडघे आणि माझा पेशन्स दोन्ही संपत आले होते, पण ओर्से म्युझियमचं तिकीट आधीच काढलेलं, मग काय, गेलो. ही मुळात रेल्वे स्टेशनची बिल्डिंग, १९०० च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बांधलेली. आत ते उंचच उंच काचेचं छत आणि भलंमोठं सोनेरी घड्याळ बघून आई म्हणाली, "अरे, हे तर व्हीटी!"

व्हॅन गॉगसमोर एवढी गर्दी की चित्रापेक्षा मोबाइलच जास्त दिसत होते. वैतागून तिथून सटकलो आणि फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'ला पी' समोर आलं. ला पी म्हणजे मॅगपाय पक्षी. उत्तर फ्रान्सच्या नॉर्मंडीत एत्रता गावाजवळ १८६८-६९ च्या हिवाळ्यात काढलेलं, रुंदीला सव्वा मीटरच्या वर. सगळीकडे बर्फ, काटक्या विणून केलेलं कुंपण (आपला कूडच की हो!), डावीकडे आडव्या दांड्यांचं फाटक, डिट्टो आमच्या गावचं बेडं, आणि वरच्या दांडीवर तो एकटा काळा-पांढरा पक्षी, आपल्या दयाळासारखा पण अंगाने मोठा. माणूस औषधालाही नाही.

बाकीची चित्रं लांबूनच बघत होतो, इथे मात्र नाक लावायच्या अंतरावर गेलो (गार्डने डोळे वटारले, असो) आणि बघतो तर काय, निव्वळ पांढरा असा रंग सापडेचना! ऊन पडलंय तिथे पिवळट, कुठे गुलाबी झाक, आणि ऊन मागून असल्यामुळे कुंपणाची सावली आपल्या दिशेने पसरलीय ती चक्क निळी-जांभळी, चार पावलं मागे आलो की परत सगळा लख्ख बर्फ. १८६९ च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या सरकारमान्य चित्रप्रदर्शनाने, हे चित्र नाकारलं होतं. तेव्हा इम्प्रेशनिझम (मोनेची ही उजेडाचे क्षणिक रंग पकडणारी शैली) हा शब्दसुद्धा नव्हता, तो १८७४ मध्ये आला आणि तोही टिंगल म्हणून.

हे सगळं मी आईला रंगवून सांगत होतो, सावली निळी का वगैरे, तर ती बाकावर पाय चोळत म्हणाली, "त्यात काय एवढं? तुझ्या आजोबांच्या धोतराला मी नीळ घालायचे ती उगाच का? नुसतं धुतलं तर पिवळट दिसतं."

मी गप्प. मग तीच उठली, चित्राजवळ गेली आणि म्हणाली, "पण ह्याने जरा जास्तच घातलीय."

बाहेर पडल्यावर सेन नदीच्या कठड्याची सावली बघायची होती, तर नेमकं आभाळ भरून आलेलं.