आयोडीन घेऊन घरी येईपर्यंत

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, "आता 100 मिलिक्युरी किरणोत्सर्गी आयोडीन द्यायचंय." त्यापुढचं मी नीट ऐकलंच नाही. 'किरणोत्सर्गी' हा एकच शब्द कानात राहिला. घरी चार वर्षांची मुलगी, जी अजून माझ्या कुशीतच झोपते.

तयारीच जास्त जड गेली. थायरॉक्सिनची गोळी चार आठवडे बंद, कारण टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा संप्रेरक, 30 च्या वर जायला हवा. तो वाढला की गळ्यात उरलेल्या थायरॉइडच्या पेशी आयोडीनसाठी वखवखतात. तिसऱ्या आठवड्यात चेहरा सुजला, जीभ जड झाली, मे महिन्यात मी चादर घेऊन बसायचे. शेवटचे दोन आठवडे आयोडीनचं पथ्य: नेहमीचं मीठ, मासळी, अंडी, दूध-दही बंद. आमच्या रत्नागिरीच्या घरात मासळीवाचून दोन आठवडे! सासूबाईंनी आयोडीन नसलेलं मीठ शोधून आणलं आणि त्या दिवसांत स्वतःही माझ्यासोबत भात-भाजीच खाल्ली.

मुंबईच्या रुग्णालयात डोस शिशाच्या जाड डब्यातून आला. आत छोटीशी कुपी, नळीने ओढून प्यायचं. पाण्यासारखंच लागलं. किरणोत्साराची सुरक्षा बघणारे सर दाराशी उभे होते. त्यांना विचारलं, यात आयोडीन असतं तरी किती? म्हणाले, "ताई, वजनाने एक मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. पण 100 मिलिक्युरी म्हणजे त्यातले 370 कोटी अणू दर सेकंदाला फुटतात."

पुढचे चार दिवस मला एकटीलाच खोलीत ठेवलं होतं; तिथे मी हेच समजून घेत बसले. आपल्याकडे आयोडीन-131 तयार होतं ते ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत, टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून. त्याचा अणू फुटला की एक इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा कण, जोराने बाहेर पडतो आणि मागे झेनॉन उरतो, निरुपद्रवी वायू. तो बीटा कण शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो. तेवढ्या वाटेत तो रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो, डीएनएचे धागे तोडतो. पेशीला मग विभागताच येत नाही. आयोडीन खाते थायरॉइडचीच पेशी, म्हणून मरतेही मुख्यतः तीच. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातात 1986 मध्ये नेमकं हेच उलटं झालं. गवतावर पडलेलं आयोडीन गाईंच्या दुधातून निरोगी मुलांच्या थायरॉइडमध्ये जाऊन बसलं आणि पुढे कितीतरी मुलांना कॅन्सर झाला. हे वाचून मी बराच वेळ फोन बाजूला ठेवला होता.

सगळ्यात मोठी गाठ सुटली ती वेगळीच. मला वाटायचं, माझा हात लागला की भांडं, उशी, मूल सगळंच किरणोत्सर्गी होणार. तसं होत नाही. बीटा कणासोबत गॅमा किरणही निघतात आणि ते माझ्या शरीराबाहेर येतात, पण दुसऱ्याच्या अंगातून गेले तरी तो काही किरणोत्सर्गी होत नाही, जसा एक्स-रे काढलेला माणूस होत नाही. जपायचं ते दोन गोष्टींना. एक अंतर: दुप्पट लांब गेलं की मारा साधारण चौथाई. दुसरं, प्रत्यक्ष आयोडीन: ते लघवी, घाम, थुंकीतून बाहेर येतं. म्हणून भरपूर पाणी, लिंबाच्या गोळ्या, दोनदा फ्लश. तिथलं सांडपाणीही थेट गटारात सोडत नाहीत, टाकीत अडवून ठेवतात.

सर रोज एक मीटर अंतरावरून किरणोत्सार मोजायचं यंत्र धरायचे. आयोडीनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, आठ दिवसांचं, पण दुसऱ्याच दिवशी आकडा निम्म्याहून खाली आला होता, कारण माझ्यात ते धरून ठेवायला थायरॉइड फारशी उरलीच नव्हती. बरंचसं लघवीवाटे गेलं. नंतरच्या स्कॅनमध्ये गळ्यापाशी उरलेल्या थायरॉइडचा एक लहानसा ठिपका दिसला, बाकी कुठे नाही. त्या ठिपक्याकडे बघून मी रडले, आनंदाने.

घरी आल्यावर मुलीला जवळ घ्यायचं नव्हतं. माजघरात माझं अंथरूण आणि ओटीवर तिचं, मध्ये सासूबाई. रोज रात्री दारातून ती विचारायची, "आई, अजून किती?" मी बोटं दाखवायचे. रुग्णालयाने दिलेल्या तारखेच्या सकाळी मी उठायच्या आधीच ती माझ्या पांघरुणात शिरली होती.