टाचेमागची शीर आणि जिन्याची खालची पायरी

दुखणं नेमकं कुठे आहे, ते आधी ठरवायचं. खुर्चीत बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि टाचेमागची जाड शीर (पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी, म्हणजेच अकिलीस टेंडन) अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरून खालून वर दाबत जा. माझ्या डाव्या पायाला टाचेच्या हाडापासून तीन बोटं वर चिंचोक्याएवढा फुगवटा लागायचा आणि कळ बरोबर तिथेच. हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वर दुखत असेल तर ते अकिलीस टेंडनच्या मधल्या भागाचं दुखणं. शीर हाडाला जिथे चिकटते तिथेच दुखत असेल, तर मामला वेगळा, त्याबद्दल पुढे.

आधी तीन आठवडे विश्रांती घेऊन पाहिली. दुखणं गेलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती दोन फेऱ्या धावलो आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून बाथरूमपर्यंत लंगडत गेलो. विश्रांतीने शीर शांत होते, पण तिची ओझं पेलायची ताकद वाढत नाही, उलट घटते. तिला ओझं द्यावंच लागतं, फक्त मोजून.

पहिले दोन आठवडे हालचाल न करता ताण द्यायचा होता. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा अर्ध्या उंचीपर्यंत उचलायच्या आणि ४५ सेकंद तशाच धरायच्या. असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. सोपं जायला लागलं की तेच एका पायावर.

मग जिना. १९९८ साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १५ हौशी धावपटूंवर वापरलेली ही पद्धत आजही फिजिओंच्या तोंडी असते. पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, टाचा बाहेर हवेत. चांगल्या पायाने टाच उचलून वर चढायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली सोडायची. वर येताना पुन्हा चांगला पाय. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, गुडघा किंचित वाकवून १५ चे ३ सेट, सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस, १२ आठवडे. दिवसाला १८० वेळा टाच खाली जाते. आकडा ऐकून धडकी भरते, पण एका वेळेला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

गुडघा वाकवायचं कारण असं: पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो, म्हणून गुडघा वाकला की तो सैल पडतो आणि खालच्या सोलियस स्नायूला काम करावं लागतं. धावताना पोटरीचं बरंचसं काम हा सोलियसच करतो. कंटाळा आला की बहुतेक जण नेमके हेच सेट गाळतात.

चुकतं कुठे? टाच धपकन सोडली की फायदा निघून जातो. खाली जायला पूर्ण तीन सेकंद लागली पाहिजेत. पाय थकला की वजन करंगळीच्या बाजूला सरकतं. ते टाळायला अंगठ्याखालच्या उंचवट्यावर दाब ठेवायचा. आमच्या जिन्याला गुळगुळीत कडप्पा आहे आणि पावसाळ्यात तो कायम ओलसर, म्हणून बूट घालून, कठडा धरून आणि सगळ्यात खालच्याच पायरीवर. दुखणं कमी झालं की पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची ५ किलोची पिशवी, पुढे १० किलो.

दुखत असताना करायचं का, हा सगळ्यांचा प्रश्न. शून्य ते दहाच्या मापात पाचपर्यंत दुखलं तर चालतं. अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलं पाहिजे. व्यायामाच्या वेळचं दुखणं फसवं असतं, कारण शीर गरम झाली की गप्प बसते. सकाळची पहिली दहा पावलं खोटं बोलत नाहीत. मी उशाशी वही ठेवून त्या दहा पावलांचा आकडा रोज लिहायचो. दोनचा चार झाला की आदल्या दिवशीचं ओझं तपासायचं, आणि मुंबईत त्यात लोकलही मोजावी लागते. दादरचा पूल चढून सुटत्या गाडीमागे धावलं की तो शिरेसाठी स्प्रिंटच. दोनदा वहीतली उडी व्यायामाची नव्हती, ८.१२च्या फास्टची होती.

सहाव्या आठवड्यानंतर कंटाळून जिममधल्या जड-सावकाश पद्धतीवर गेलो: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, दुखऱ्या पायानेही वर चढायचं, आठवड्यातून तीनच दिवस. वजन १५ वेळा जेमतेम उचलता येईल इतक्यापासून हळूहळू ६ वेळा जेमतेम उचलता येईल इतक्यापर्यंत. २०१५ च्या डॅनिश अभ्यासात दोन्ही पद्धतींचा गुण सारखाच आला होता. नोकरी करणाऱ्याला ही जास्त झेपते, असं माझं मत.

आता हाडापाशी दुखणाऱ्यांसाठी. टाच पायरीखाली सोडू नका, व्यायाम सपाट जमिनीवरच करा. पाऊल वर वाकलं की शीर हाडावर दाबली जाते आणि तेच तिला नको असतं. भिंतीला रेटून पोटरी ताणणं, उकिडवं बसणं, देशी संडास, सपाट चप्पल, सगळ्यात हाच दाब. काही आठवडे दोन्ही बुटांत टाचेखाली सेंटिमीटरभर जाड पॅड ठेवलं की फरक पडतो.

व्यायामाने सुटणार नाहीत अशाही गोष्टी आहेत. मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून फट् आवाज झाला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शीर तुटलेली असू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकमुळेही ही शीर दुखते, क्वचित तुटते. अलीकडे घेतली असतील तर डॉक्टरांना सांगा. शिरेतच स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायला मी साफ नकार दिला, कारण त्यानंतर ती तुटायचा धोका असतो.

दुखऱ्या पायावर एकट्याने २५ वेळा टाच उचलता आली, तीही दुसऱ्या पायाइतकीच उंच, तेव्हा धावायला सुरुवात केली. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, दिवसाआड. आधी अंतर वाढवलं, वेग नंतर, आणि पेडर रोडचा चढ सगळ्यात शेवटी. चिंचोका अजून हाताला लागतो, पण दाबला तरी दुखत नाही. तो तसाच राहू शकतो, असं फिजिओ बाई म्हणाल्या. वजनाचे सेट आठवड्यातून दोनदा चालू आहेत.