मागच्यांचा आवाज

गाडीत कोणतं गाणं लागणार हे आमच्या घरात कायम पुढच्या सीटवर ठरत आलंय. थोरामोठ्यांना आपण "तुम्ही मागे ऐसपैस बसा" म्हणतो आणि मग तीन तास त्यांना आपली गाणी ऐकवतो. मागून "जरा कमी कर रे" आलं की आवाज थोडा उतरतो, पुढच्या वळणावर पुन्हा चढतो.

गेल्या वर्षी सेकंडहँड सेडान घेतली. आधीचा मालक मागे बसणारा साहेब असावा, कारण मागच्या आर्मरेस्टमध्ये एसीच्या शेजारीच आवाजाची बटणं आहेत: कमी, जास्त, पुढचं गाणं, म्यूट. आम्हाला चार महिने त्यांचा पत्ताच नव्हता. आमच्याकडे मागे तिघं बसतात, मधे मुलगी, आणि आर्मरेस्ट तिच्या पाठीमागे मिटलेला. म्हणजे ही सत्ता हाती यायची तर एकानं घरी राहायला हवं!

परवा मुलगी परीक्षेमुळे राहिली आणि आम्ही श्रीवर्धनला निघालो. चांदणी चौक ओलांडला आणि विविध भारती आपोआप मोठी झाली. मी कमी केली. पुन्हा मोठी. "बिघडलंय वाटतं काहीतरी," मी म्हणालो. मागून कुणी बोलेना. आरशात पाहिलं, तर आप्पा साळसूद चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघतायत आणि उजवा अंगठा बटणावर.

मागची बटणं पुढूनच बंद करायचीही सोय आहे, ती खरं तर लहान मुलांसाठी. माझं बोट तिकडे गेलं होतं, खोटं कशाला बोलू?

2008 मध्ये अमेरिकेत मामेभावाच्या गाडीत या मागच्या बटणांचा थोरला भाऊ पाहिला होता. पुढे स्पीकरवर रेडिओ, मागे मुलांच्या कानात हेडफोन लावून सीडी, दोन्ही एकाच वेळी. मात्र रेडिओ एकच असल्यानं पुढे तो चालू असला की मागच्यांना स्टेशन बदलता येत नसे. म्हणजे तिकडेही शेवटचा शब्द पुढच्यांचाच. पण भांडण नाही, कुरकुर नाही, मुलं तासन्‌तास गप्प. वहिनी त्या शोधावर बेहद्द खूश होती. मला मात्र गाडीत दोन बिऱ्हाडं बसल्यासारखं वाटत राहिलं.

पौड मागे पडलं, मुळशी धरणाचं पाणी दिसू लागलं. रेडिओ खरखरायला लागला म्हणून मी फोनवरची गाणी लावली, आणि गाणं ऐन रंगात आलेलं असताना गाडी एकदम मुकी झाली.

"या पाण्याखाली गावं आहेत," आप्पा म्हणाले. "1921 साली सत्याग्रह झाला इथं, सेनापती बापटांचा. माझ्या आजीचं माहेर गेलं यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती काठावर येऊन बसायची म्हणे."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, हे मला कधी सांगितलं नाहीत!"

"इतक्या वेळा आलो आपण या रस्त्यानं," मीही म्हणालो.

"गाणी चालू असायची की रे."

मग बरंच काय काय निघालं. आजीची बैलगाडी, वाटेतला ओढा, कुणाची तरी हरवलेली म्हैस. ताम्हिणीचा उतार लागला तेव्हा आप्पा दमले. "लाव आता तुझं गाणं," म्हणत त्यांनी स्वतःच बटण दाबलं. ते एसीचं निघालं. आईनं पदर खांद्यावर ओढून घेतला.