कोंडिवड्याच्या माळावरचा टाकळा

मृगाच्या सरी पडून पंधरवडा उलटला की टाकळा ही रानभाजी खुडण्याजोगी होते, या हिशेबाने आम्ही जूनअखेरीस सकाळच्या लोकलने कर्जत गाठले आणि तेथून रिक्षाने कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याच्या कोंडिवडे गावात उतरलो. लेण्यांपर्यंत चढण्याची गरज पडली नाही, कारण गावाबाहेरच्या माळावर आणि पडीक बांधांवरच तो दाट उगवला होता. सोबत आलेल्या गावातल्या मावशींनी मात्र रस्त्याकडेच्या रोपांना हात लावू दिला नाही. तेथे गाड्यांचा धूर बसतो.

ओळख पानावरूनच पटवावी. टाकळ्याच्या प्रत्येक पानात पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, टोकाकडची जोडी सर्वांत मोठी असते आणि पर्णिकांची टोके गोलसर असतात. खालच्या जोडीच्या बेचक्यात बोट फिरवल्यास मऊ काट्यासारखी बारीक ग्रंथी लागते. पाने रात्री मिटतात, त्यामुळे पुरते उजाडल्याशिवाय खुडायला जाऊ नये. उग्र वासावर तर अजिबात विसंबू नये, कारण तसाच वास कासविंद्यालाही येतो आणि ही दोन्ही रोपे पुष्कळदा शेजारी शेजारी वाढतात. कासविंद्याच्या पर्णिका साधारण चार-पाच जोड्यांच्या आणि टोकदार असतात, तर ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी असते. त्याच्या बिया खाल्ल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांच्या यकृतावर, स्नायूंवर व मेंदूवर जीवघेणे परिणाम झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. तेव्हा शंका आली की रोप सोडून द्यावे.

मावशी वीतभर रोपाचा नखाने सहज तुटणारा शेंडाच घेत होत्या. पिवळे फूल दिसू लागले की पान जून झाले असे समजावे. भाजी शिजून फार आटते, म्हणून चौघांसाठी मोठी कापडी पिशवी भरून पाला लागतो. तो स्वच्छ धुऊन बारीक चिरावा आणि लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा व भिजवलेल्या मूगडाळीसह परतून वर ओले खोबरे घालावे. चव किंचित कडसर लागते. भाजी सारक असल्याने पहिल्यांदा बेतानेच खावी.

बांध कोणाच्या तरी मालकीचे असतात, तेव्हा आधी विचारावे. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावत असल्याने वर पाऊस झाला की खालचे ओढे पाहता पाहता फुगतात. त्यामुळे दुपारच्या आत परतावे. ओळखीची खात्री नसणाऱ्यांनी पावसाळ्यात बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडून एखादा वाटा घ्यावा आणि त्यातलेच एक पान नमुना म्हणून जवळ ठेवावे.