सीट काळ्या कशा केल्या? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या गाडीत जो बसतो तो मागच्या सीटवर हात फिरवतो आणि विचारतो, "या आधी बेज होत्या ना? काळ्या कशा केल्यात? आणि एवढा उद्योग करण्यापेक्षा कव्हर का नाही घातलीत?" इतकी वर्षं मी "घरीच केल्या" एवढं म्हणून विषय बदलत आलो. आता एकदाच सगळं सांगतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

२०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायची गरज नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आम्ही शामरावनगरातून होडीने बाहेर पडलो, गाडी पार्किंगमध्येच राहिली. विमा फक्त थर्ड पार्टी होता. पाणी ओसरल्यावर मेकॅनिकने चावीला हात लावू दिला नाही, म्हणून इंजिन वाचलं. पण सीटच्या पाठीवर, बैठकीच्या चार बोटं वर, गाळाची रेघ उमटली होती. घराच्या भिंतींवर होती तशीच.

वॉशिंग सेंटरला तीनदा शाम्पू मारून, मशीनने पाणी ओढून घेतलं. ओली असेपर्यंत सीट स्वच्छ दिसायची. वाळली की रेघ परत हजर, कारण गाळ नुसता कापडावर नव्हता, आतल्या फोममध्ये मुरला होता. कापड वाळताना आतलं पाणी वर येतं आणि गाळाला सोबत घेऊन येतं.

मग मी सुती कपड्यांना लावायच्या रंगाची पाकिटं आणली. गरम पाणी, मीठ, ब्रश. दोन दिवसांनी सीट कुठे जांभळट, कुठे राखाडी झाल्या. त्यावर बसून आई डॉक्टरकडे गेली आणि तिच्या फिक्या साडीला मागून सगळा रंग लागला. ती काही बोलली नाही. घरी येऊन साडी भिजत टाकली.

मामांची हयात इचलकरंजीच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात गेली. ते म्हणाले, "अरं, ते सूत नव्हं, पॉलिस्टर हाय. ते पाणीच पीत न्हाई, तर रंग काय पिणार?" गाड्यांच्या सीटचं कापड बहुतेक पॉलिएस्टरचं असतं. त्याला डिस्पर्स नावाचा वेगळा रंग लागतो, आणि तोही बंद मशीनमध्ये, दाबाखाली, १३० अंशांच्या आसपास. सीटच्या कापडाला मागून फोम चिकटवलेला असतो, त्यामुळे ते उसवून मशीनमध्ये घालायचं म्हणजे फोमची वाट लावायची. थोडक्यात, सीट गाडीत ठेवून खऱ्या अर्थाने रंगवता येत नाही. वरून रंगाचा थर देता येतो, इतकंच. तोही फिक्यावर गडद. गडद सीट फिकी करून मिळेल असं कुणी म्हणालं, तर त्याला पैसे देऊ नका.

मी दिला तो कापडावर चालणारा ॲक्रिलिक रंग. आधीचा कच्चा रंग धुऊन काढला. पांढरा ओला रुमाल घासला तरी कोरा राहीपर्यंत धुतला. फोम आठवडाभर वाळवला. पहिला हात निम्मं पाणी घालून, पुढचे दोन घट्ट. प्रत्येक हात अर्धवट वाळला की कोरड्या ब्रशने धागे मोकळे करायचे, नाहीतर पापडी धरते. या रंगाला एरवी इस्त्रीने पक्कं करतात. इथे खाली फोम, त्यामुळे हेअर ड्रायर लांबून धरला. तरी कापड खळ घातल्यासारखं कडक झालं ते झालंच, आणि ड्रायव्हरच्या बाजूची कड दरवर्षी झिजून खालचा बेज दिसतो. सीट बेल्टच्या पट्ट्याला मात्र कुठलाही रंग किंवा ब्लीच लावू नका. रसायनाने पट्टा कमजोर होऊ शकतो आणि जीव त्याच्यावर असतो.

आता कव्हरचं. आजवर मी सांगत आलो की कव्हरखाली ओल राहते, वास मारतो. ते खोटं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. कव्हर उचलून खाली बघता येतं. रंग उचलून बघता येत नाही. मला गाडी विकायची होती.

जानेवारीत एक निवृत्त गुरुजी मुलाला घेऊन गाडी बघायला आले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. मुलगा बॉनेट उघडून बसला. गुरुजी मागे बसले, पुढे बसले, "सीट छान ठेवल्यात" म्हणाले. मला बरं वाटलं. मग त्यांनी बेल्ट ओढला. लावायला नव्हे. ओढतच राहिले, हळूहळू, पट्टा संपेपर्यंत. शेवटचा हातभर पट्टा खांबाच्या तळातून बाहेर आला तेव्हा त्यावर पिवळट गाळ वाळलेला होता. त्यांनी अंगठ्याने तो खरवडला. बोटावर आलेली भुकटी बघत त्यांनी विचारलं, "पाणी कुठवर आलं होतं?"

आमच्याकडे त्या वर्षी हा प्रश्न राम रामसारखा होता. कुणीही कुणालाही विचारायचं.

मी म्हणालो, "गाडी मिरजेला होती."

गुरुजी काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही भिलवडीचे. आमच्याकडं माळ्यापर्यंत होतं." पट्टा त्यांनी सोडून दिला नाही, हाताने धरून सावकाश आत जाऊ दिला. मुलाला हाक मारली, आईने पुढे केलेला चहा घेतला आणि गेले. किमतीचा विषय निघालाच नाही.

मी तेव्हा स्वतःला समजावत होतो की इंजिन ठणठणीत आहे, फसवणूक कसली? रोज त्या रेघेकडे बघून आईला झोप लागत नव्हती, तिच्यासाठी रंगवलं. आजही यातलं अर्धं मला पटतं. आईसाठी रंगवलं हे खरंच आहे. मग आईच्या देखत मिरज का सांगितली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. गुरुजी गेल्यावर तिने फक्त कपबश्या उचलल्या.

गाडी विकली नाही. नंतर दोघांनी विचारलं, त्यांना आधी पूर सांगितला, ते आलेच नाहीत. चूक झाली की बरं झालं, ते अजून ठरवता आलेलं नाही.

रंगाची कृती वर दिली आहे, खुशाल वापरा. गाडी बघायला यायचं असेल तर या. मागच्या डाव्या बाजूचा पट्टा पूर्ण ओढून बघा. तो मी अजून धुतलेला नाही.